डावा अंगठा आईचा

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या सोमवारी, दुपारी चारच्या सुमारास, माझा डावा अंगठा थांबला. त्या वेळी मी मोबाइलवर खेळत होतो. पडद्यावरचा माझा माणूस एका शेताच्या मधोमध उभा राहिला आणि समोरच्या टेकडीवरून कुणीतरी त्याला मारलं. संघातल्या तिघांनी नेट गेलं असेल असं धरलं. मीही तसंच सांगितलं.

नेट गेलं नव्हतं. मला स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे. तो जन्मापासून होता, कळला कॉलेजात असताना. त्यावर उपचार नाही. आधी जिने चढणं गेलं, मग चालणं, मग खांद्याच्या वर हात नेणं. एका दैनिकाच्या नागपूर कार्यालयात मी उपसंपादक होतो. पाळी दुपारी चारला सुरू व्हायची. शेवटच्या वर्षी कुणीतरी माझे हात उचलून टेबलावर ठेवून दिले की पुढचं काम मी करत असे. बोटं कीबोर्डवर दाबली जाईनात तेव्हा राजीनामा दिला. गोळीबार चौकाच्या बाजूला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी आणि आई राहतो. राजीनाम्यानंतर दुपारी चार वाजता काय करायचं, हा प्रश्न उरला. खेळ त्यातून सुरू झाला.

खेळ सोपा आहे. चार-चार जणांचे संघ एका बेटावर उतरतात. बंदुका शोधायच्या, दुसऱ्यांना मारायचं, शेवटी उरेल तो संघ जिंकतो. सुरक्षित जागेचं वर्तुळ आकसत जातं आणि बाहेर राहिलेला मरतो. गोळी लागली की माणूस आधी नुसता पडतो. पडलेला सरपटू शकतो, चालू शकत नाही. साथीदार वेळेत पोहोचला तर त्याला उठवतो, नाहीतर तो संपतो. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने नजर फिरवायची आणि गोळी झाडायची. दोन अंगठे लागतात. बाकी शरीराचं काय झालंय ते कुणी विचारत नाही.

साथीदार तिघेही मी कधी पाहिलेले नाहीत. डेस्कवर आम्ही वार्ताहरांना गावावरून ओळखायचो: कामठी आली का, काटोल अजून यायची आहे. तसंच हे तिघे माझ्यासाठी गावांची नावं होती. जरीपटका कपड्याच्या दुकानात बसायचा, दुपारी गिऱ्हाईक नसताना खेळायचा आणि नागपुरी हिंदी बोलायचा. हुडकेश्वर वायरिंगची कामं घ्यायचा. उमरेड कोळसा खाणीत पहिल्या पाळीला होता, चारपर्यंत घरी येऊन जेवलेला असायचा. त्यांच्यासाठी मी पेपरवाला. नोकरी सुटल्याचं त्यांना माहीत नव्हतं, आजाराचंही नाही.

तिथे कुणी कुणाचे लाड करत नसे. एकदा मी पुलावर पडलो आणि हाका मारू लागलो, तेव्हा हुडकेश्वर म्हणाला, "पडला तं मर नं बे चुपचाप, आमाले कायले बोलावतं?" तिघे पुढे निघून गेले आणि सामना जिंकले. सामना संपल्यावर जरीपटका म्हणाला, "पेपरवाले, कल तेरी फोटो छापना, शहीद लिख के." आजारपण सुरू झाल्यापासून माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

या खेळात पडद्यावरची बटणं हवी तिथे हलवता येतात. पान लावताना चौकटी सरकवायचो, तशी मी ती सरकवत आलो. गोळीचं बटण आधी वरच्या कोपऱ्यात होतं. ते खाली आणलं, मग आणखी खाली, मग अंगठ्याच्या अगदी शेजारी. उडी मारण्याचं बटण काढून टाकलं, तिथवर पोहोचणं होत नव्हतं. तपासणीच्या वेळी डॉक्टर हात किती वर जातो ते पाहायचे. मला ते आधीच माहीत असायचं. डाव्या बाजूला सरकवण्यासारखं काही नव्हतं. तिथे चालण्याचं एकच गोल बटण असतं आणि ते अंगठ्याखालीच होतं. त्या सोमवारी अंगठा त्यावर होता, पण ढकलत नव्हता.

तो आठवडा वाईट गेला. मी रोज चारला फोन समोर ठेवायला लावायचो आणि अंगठ्याकडे पाहत बसायचो. आईने तेल लावून पाहिलं, गरम पाण्याची पिशवी ठेवून पाहिली. मी तिच्यावर ओरडलो. ओरडल्यावर दम लागला, म्हणून तेही थांबवलं. उजवा किती दिवस राहील, असं डॉक्टरांना फोनवर विचारलं. सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं. उत्तर बरोबर होतं.

शुक्रवारी आई स्टूल घेऊन डाव्या बाजूला बसली.

"दाखव मले. काय दाबा लागते?"

"तुला जमणार नाही."

"उमरेडले बारा वर्षं मागाच्या कांड्या भरल्या म्या. सूत तुटू न देता. हे काय दाबाचं नाही का?"

चाकाच्या खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकलेली असते, फोन तिच्यावर उभा. आईने माझा अंगठा बाजूला ठेवला आणि त्या जागी आपला टेकवला. मी पुढे, मागे, डावीकडे असं सांगायचो, ती ढकलायची. नजर आणि गोळी माझ्याकडे. पहिल्या दिवशी आम्ही तलावात उतरलो आणि बाहेर निघालो नाही. दोन आठवड्यांत ती माझं अर्धं वाक्य ऐकून वळायला लागली.

एक अडचण राहिली. गोळ्यांचा आवाज आला की आई उलट दिशेला पळायची.

"पुढे, आई. पुढे!"

"तिकडं मारामारी चालू आहे नं गा. काहून जाचं?"

"मारामारीसाठीच आलोय."

"ज्याले जाचं ते जाईन. आपन इकडं झाडाखाली बसू."

आईशी बोलताना मी माइक बंद ठेवायचो. साथीदारांना दिसत होतं ते इतकंच, की पेपरवाला चकमकीच्या तोंडावर पाठ फिरवतो, झाडाखाली जाऊन बसतो आणि तिथून मात्र नेम अचूक मारतो.

संक्रांतीच्या आसपास ते भडकले. सलग तीन सामने आम्ही सुरुवातीलाच हरलो होतो. तिळाचे लाडू वळता वळता आई हात पुसून येऊन बसली होती. जरीपटक्याला काहीतरी सांगण्यासाठी मी माइक सुरू केला होता, तो सुरूच राहिला.

"अबे पेपरवाले, सच बता, फोन किसके हाथ में दिया?" जरीपटका म्हणाला.

"पोट्ट्याले देऊन राहिला हा," हुडकेश्वर म्हणाला. "अर्धा खेळ हा खेळते, अर्धा पोट्टं खेळते. काढून टाका याले. चौथा मी पाहतो कोनी."

फोनचा आवाज मोठा होता. आईने ऐकलं आणि फोनकडे वाकली.

"पोट्टं नाही बापा कोनी. माय आहो मी त्याची. त्याचा अंगठा चालत नाही आता, पायही चालत नाही. डावा अंगठा माहा आहे. चूक झाली अशीन तं मले बोला, त्याले नका काढू."

मी माइक बंद करायला अंगठा नेला, तो पोहोचेपर्यंत आई पुढे गेली होती.

"आन् तुमच्यात कोन उमरेडचा आहे म्हने? कोनाचा गा तू?"

उमरेडने गल्लीचं नाव सांगितलं. तुमच्या घरी माग होते नं, असं आईने विचारलं. आजोबांपर्यंत होते, आता कुणी विणत नाही, असं तो म्हणाला. दोघं त्यावर थोडं बोलले. तेवढ्यात बेटावर कुणीतरी येऊन आम्हा चौघांना मारून गेलं. एरवी अशा वेळी शिव्या असायच्या. त्या दिवशी नव्हत्या.

"सांगाचं तरी नं, भाऊ," हुडकेश्वर म्हणाला.

माझ्या लक्षात आलं ते एवढंच: तोवर मी त्याच्यासाठी 'बे' होतो, त्या वाक्यापासून 'भाऊ' झालो.

मला संघातून काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बेटावर उतरलं की ते मला एखाद्या पक्क्या घरात ठेवायचे. बंदुका आणून पायाशी टाकायचे. "तू इथंच राय भाऊ, आमी पाहून येतो." आईला हे आवडलं. ती खिडकीशी उभी राहायची, मी रस्ता पाहायचो. मी पडलो की तिघेही येत. मोकळ्या मैदानातून, गोळ्यांखालून, एकामागे एक येत आणि एकामागे एक मरत. आमचा संघ क्रमवारीत वर येईना. कुणी तक्रार करत नव्हतं. जरीपटका माझ्याशी मराठीत बोलू लागला होता, तुटक, जपून, आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलतात तसा.

घरी मला आई आणि शेजारचा एक मुलगा मिळून उचलतात, कुशीवर वळवतात, पाणी पाजतात. ते चालतं, त्याला इलाज नाही. त्या बेटावर मला कुणी उचललेलं नको होतं. शत्रू संघांना अजून काही माहीत नव्हतं. पूर्वीसारखं वागणारे तेवढेच उरले होते.

फेब्रुवारीत उजवा अंगठा कापू लागला. गोळीचं बटण आता सरकवायला जागा नव्हती. मी ते मोठं केलं. पडद्याचा तेवढा भाग झाकला गेला आणि उजवीकडून येणारा माणूस दिसेनासा झाला.

मला एक सामना हवा होता, पूर्वीसारखा, उजवा अंगठा आहे तोवर. मी त्यांना विनवणी केली. बातमीत हा शब्द आला की मी तो काढून 'मागणी' करायचो. इथे तो ठेवला पाहिजे.

"पडलो तर मला सोडून पुढे जायचं," मी म्हणालो.

"असं कसं सोडू भाऊ?"

"आधी सोडत होतास."

"आधी मालूम नव्हतं नं," हुडकेश्वर म्हणाला.

"आताही मालूम नाही असं समज."

"वो नहीं होता यार," जरीपटका म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तो माझ्याशी हिंदीत बोलला.

मी रोज विचारत राहिलो. एकदा रडलोही, माइक सुरू असताना. पुसायला हात नव्हता, आईने पदराने पुसलं. शेवटी उमरेड म्हणाला, "ठीक आहे. एक बार. पडला तं पडला."

तो सामना मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाला. ऊन चढलं होतं, खिडकीला ओली चादर लावली होती. मला घरात ठेवलं नाही. आई चालवत होती, मी तिघांच्या बरोबरीने होतो. दोन संघ आम्ही संपवले. त्यातला एक माणूस माझ्या गोळीने गेला. जरीपटका ओरडला, "छाप दिया रे पेपरवाले ने!" वर्तुळ नदीच्या पलीकडे आकसलं, तसे आम्ही कोरड्या पात्रातून पळालो. गोळी उजवीकडून आली. मी पडलो.

हुडकेश्वर काही अंतरावर एका दगडामागे होता. तो थांबला.

"येऊ का?"

"नको."

"जवळच आहो मी. येतो नं, भाऊ."

"आलास तर उद्यापासून मी खेळणार नाही."

तो दगडामागून माझ्याकडे वळला. मग उमरेड म्हणाला, "चल बे." तिघे काठ चढून दिसेनासे झाले.

पडलेल्या माणसाला आई सरपटवत होती. तिने त्याला दगडाच्या आडोशाला नेलं.

"येतेत का ते?"

"नाही."

"काहून?"

"मीच नाही म्हटलं."

तिने अंगठा तसाच रेटून धरला होता. आयुष्याची लाल रेघ संपत आली, संपली, आणि माझा माणूस नाहीसा झाला. एरवी मेल्यावर मी लगेच बाहेर पडायचो. या वेळी 'पाहा' या बटणावर अंगठा टेकवला. असं केलं की साथीदाराच्या मागून उरलेला खेळ दिसत राहतो. पडद्यावर हुडकेश्वर आला. तो वर्तुळाच्या दिशेने जोरात पळत होता.

आईचा अंगठा चालण्याच्या बटणावरच होता. मेल्यावर ते बटण दिसत नाही, पण तिला जागा पाठ झाली होती. तिने चष्मा लावला नव्हता.

"उठला गा!" ती म्हणाली. "पाह्य कसा पळून राहिला."

हुडकेश्वर डावीकडे वळला. आईने अंगठा डावीकडे नेला.

"बरोबर चालून राहिली नं मी?"

मी हो म्हणालो.

हुडकेश्वर एका भिंतीपाशी मारला गेला आणि पडदा उमरेडवर गेला. उमरेडही पळत होता. जरीपटका त्याआधीच गेला होता. शेवटच्या वर्तुळात समोरच्या संघाचे दोघे होते आणि आमचा एक. आईचा अंगठा पडद्यावर होता. सामना पाचच्या आत संपला. आमचा संघ दुसरा आला.