सुगंधाचा अर्ज आणि माझी विशेषणं

आता तुमच्यापासून काय लपवायचं? फजित्या मी आयुष्यात पुष्कळ करून घेतल्या, पण शुद्ध इंग्रजीच्या जोरावर करून घेतलेली ही एकच. चहा गार व्हायच्या आत सांगतो.

दोन हजार चार-पाच साल असेल. मी मसुऱ्याच्या बाजूला हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. पंचक्रोशीत इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. आखातातल्या नोकरीचं पत्र असो, होडीच्या इंजिनाचं माहितीपत्रक असो, नाहीतर खोकल्याच्या बाटलीवरचं लेबल. शाळा तपासायला येणारे साहेबसुद्धा माझ्याशी मराठीतच बोलायचे. घाबरून, दुसरं काय!

तर एके दिवशी सुगंधा आली. कातकरी वाडीतली, पंचविशीतली, आठवीपर्यंत शिकलेली. व्हाळात, म्हणजे आमच्याकडच्या ओढ्यात, कुर्ल्या-खेकडे पकडून बाजारात विकायची, आणि ग्रामसभेत उभी राहिली की सरपंच खुर्चीत सरळ होऊन बसायचे.

"सर, ह्यां वाचून सांगा. माका जावचा आसा."

फेलोशिपची जाहिरात होती. आदिवासी कार्यकर्त्यांना मानवी हक्कांचं प्रशिक्षण, दिल्लीत तीन महिने. प्रवास, राहणं, जेवण, सगळं त्यांच्याकडे. अट एकच, आपल्या समाजावर होणाऱ्या एका अन्यायाची हकीकत इंग्रजीत लिहून पाठवायची.

"कुठला अन्याय लिहायचा?" मी विचारलं.

"पाण्याचो. व्हाळार जावची आमची आज्या-पणज्यापासूनची वाट. काजीच्या बागवाल्यान गडगो घातल्यान आणि वाट बंद. आता आमी बायका डोंगराक वळसो घालून पाणी आणतो. माझी भावजय पोटुशी असताना दोनदा पडली."

माझं रक्त उसळलं! काजूच्या बागेसाठी पाण्याची वाट दगडी कुंपण घालून अडवायची? "कोण हा बागवाला?"

सुगंधा माझ्याकडे बघतच राहिली. "तुमका म्हायत नाय?"

"माहीत नसायला काय झालं? चांगलं माहीत आहे. हे बागवाले सगळीकडे सारखेच!"

ती जरा घुटमळली. "मगे... लिवूचा ना? खरा खरा?"

"अक्षर सोडणार नाही!"

"त्याचा नाव?"

"असल्या माणसाचं नाव लिहून कागद कशाला खराब करायचा?"

तिने एकदम हात जोडले. मला वाटलं, माझ्या इंग्रजीला नमस्कार केला.

सुगंधाने चार वाक्यांत सांगितलेलं मी चार पानांत लिहिलं. आठ दिवस खपत होतो. तिच्या वाक्यात विशेषणं नव्हती, तेवढी उणीव मी भरून काढली. निर्दय, लोभी, रक्तपिपासू! 'काळजाच्या जागी जांभा दगड बसवलेला माणूस' हे तर इंग्रजीत असं काही उतरलं की माझ्याच अंगावर काटा आला. कणकवलीला जाऊन इंटरनेटवाल्याकडून टाइप करून घेतलं. तो टाइप करता करता थांबला आणि म्हणाला, "सर, ह्यो माणूस अजून मोकळो फिरता?"

"फिरतो रे," मी म्हटलं, "कायद्याला डोळे कुठे आहेत?"

पुढे काय झालं ऐका. कातकरी वाडीतून माझ्या घरी कुर्ल्या यायला लागल्या. मग मध आला. बाजारात एका म्हातारीने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "असो माणूस बघूक नाय!"

बायको म्हणाली, "एका अर्जासाठी एवढा?"

"अगो, गुणांची पारख लागते," मी म्हटलं. वर कुर्ल्यांचं कालवण दोनदा वाढून घेतलं.

महिन्याभराने पत्र आलं. सुगंधाचं नाव पहिल्या यादीत होतं, आणि प्रत्यक्ष पाहणीसाठी पुण्याहून एक मॅडम येणार होत्या. मी इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यात पुढे. वाटेत मॅडमना म्हटलं, "तो मालक भेटला तर तेवढा माझ्यासमोर उभा करा. दोन शब्द सुनावायचे आहेत."

"सर, आता पुरे," सुगंधा मागून पुटपुटली. मला वाटलं, पोरगी लाजते.

गडग्यापाशी पोचलो. छातीएवढा उंच, वर काटेरी झुडपं रचलेली. पलीकडे व्हाळाचं पाणी वाजत होतं. मॅडमनी फोटो काढले आणि विचारलं, "मालक कुठे राहतात?"

"असा काय मॅडम?" सुगंधा म्हणाली. "मालकच घेवन इलेत तुमका!"

मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं!

मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. ते पलीकडचं काजूचं कलम... तो वाकडा फणस... अहो, ही आमची वडिलोपार्जित बाग! सहा वर्षांत मी तिथे फिरकलो नव्हतो, आणि या बाजूने तर जन्मात आलो नव्हतो. चुलतभाऊ सगळं बघायचा. एकदा तो म्हणाला होता, "दादा, काजीत गुरां शिरतत, गडगो घालूया?" मी नववीचे पेपर तपासत होतो. मान वर न करता म्हटलं होतं, "घाल."

मॅडमनी फाईल उघडली. "म्हणजे हे 'काळजाच्या जागी जांभा दगड'... हे तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंत?"

"तांच तर!" सुगंधा अभिमानाने म्हणाली. "माका पयल्यांदा खराच वाटाक नाय. स्वतःवर तक्रार, ती पण चार पाना! असो माणूस खंय गावतलो?"

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? गप्प राहिलो तर महात्मा, बोललो तर गाढव! खोटं कशाला बोलू, पाच सेकंद मी महात्मा होऊन बघितलं. बरं वाटत होतं. पण डोक्यावर रिकामी कळशी घेऊन तिची भावजय तिथेच उभी होती.

"मॅडम," मी म्हटलं, "हा गडगा माझा आहे, हे मला आत्ता कळलं."

सुगंधा खाली बसून पोट धरधरून हसली. "आणि म्हणा होतास, सगळे सारकेच!" मग डोळे पुसत उठली आणि शांतपणे विचारलं, "सर, आमची वाट तुमी अडवलास, आणि तुमका म्हायतच नव्हता. ह्यां बरा की वायट?"

मी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि वरचा पहिला दगड काढला. दुपारपर्यंत वाट मोकळी झाली. चुलतभाऊ दोन महिने बोलला नाही, पण माझी पाठ तीन महिने बोलत होती!

सुगंधाची निवड झाली. ती दिल्लीला गेली आणि परत आल्यावर आमच्याच शाळेत शिक्षकांचं शिबिर घ्यायला उभी राहिली. शुद्ध मराठीत तिने विचारलं, "आपल्यामुळे कोणाचा तरी हक्क अडलाय, असं इथे कोणाला वाटतं? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. मुख्याध्यापक पंख्याकडे बघायला लागले. म्हटलं, चला, इथे तरी पहिला नंबर! मी ताठ मानेने हात वर केला.

सुगंधाची शुद्ध मराठी तिथेच सुटली. "हात खाली घेवा, सर. तुमची गोष्ट मी दिल्लीतच सांगून इलंय. झारखंडापासून नागालँडापर्यंत सगळे तुमका वळखतत!"