आप्पांची मोटारसायकल आणि तंबाखूची व्हॅन

आमच्या घरात तेव्हा टपालखातं मी चालवत होते. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, आणि माझा नवरा शेजारी-शेजारी जेवायला बसायचे आणि निरोप माझ्या हातून जायचे. आप्पा म्हणायचे, त्याला विचार पाण्याची मोटर बंद केली का. तो तिथंच, हाताच्या अंतरावर. तो माझ्याकडं बघून म्हणायचा, आप्पांना सांग, केली. मी मधे चटणीचं भांडं घेऊन उभी. पहिले काही दिवस हसू आलं, मग डोक्याला ताप झाला. बरं, दोघांतला एकही मागं सरणारा नाही. बापाचाच मुलगा तो, वेगळा कुठून निघणार?

भांडण मोटारसायकलवरून होतं. आप्पा वीज खात्यात लाइनमन होते. जांबोटी, कणकुंबी हा सगळा पट्टा त्यांच्याकडं. पावसाळ्यात झाड पडून तार तुटली की हा माणूस रेनकोट चढवून जंगलाच्या वाटेला लागायचा, तो कधी परतेल याचा नेम नाही. ती सगळी नोकरी त्यांनी या एका मोटारसायकलवर केली. रिटायर झाल्यावरही ती रोज निघायचीच, पिठाच्या गिरणीपर्यंत का होईना.

मग एका सकाळी पिरनवाडीच्या नाक्यावर मागून डंपरनं हॉर्न दिला आणि आप्पा गाडीसकट आडवे झाले. नशीब बलवत्तर म्हणून गुडघ्यावर निभावलं. नवरा धावत गेला, बापाला रिक्षात घालून घरी आणलं, आणि दारात सगळी गल्ली जमलेली असताना गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकत म्हणाला, "आता बास. आजपास्नं तुमी गाडीला हात लावायचा न्हाय."

किल्ली घेतली ते बरोबरच केलं, असं मी आजही म्हणते. पण ते चारचौघांत बोलायचं होतं का? आप्पा लंगडत आत गेले. त्या दिवसापासून मुलाशी बोललेच नाहीत, पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. रोज सकाळी ओसरीवर जाऊन मोटारसायकल मात्र पुसायचे. पुसायला किल्ली लागत नाही.

चुकलं म्हणणं आमच्या घरात कुणालाच जमत नाही. भांडण झालं की माणूस काहीतरी करून दाखवतो. कुणी कुंपण घालून देतो, कुणी न सांगता गोठा शाकारतो. माझ्या नवऱ्यानं व्हॅन आणली. निपाणीच्या एका व्यापाऱ्याची जुनी मालाची व्हॅन, उंच टपाची, पत्र्यानं चारी बाजूंनी बंद. दारात उभी करून मला म्हणाला, यात गाडी चढवायची, कणकुंबीला न्यायची, तिथं मोकळ्या रस्त्यावर आप्पांनी चालवायची. रात्री आतच झोपायचं, सकाळी परत. पुढं मग गोवा, आंबोली, कुठंही. मी म्हटलं, हे आप्पांना सांगितलं का? तर म्हणतो कसा, तू सांग की.

माझं डोकंच फिरलं. घरातल्या कपाटाचं दार कधीपासून लोंबतंय, ते बसवायला या माणसाला सवड नाही, आणि व्हॅनचं घर करणार! तणतणत व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि तिथंच थबकले. आतून तंबाखूचा वास आला. वर्षानुवर्षं या व्हॅननं निपाणीच्या बाजारात तंबाखूची पोती वाहिलेली, तो वास पत्र्यात मुरलेला. माझं माहेर निपाणीजवळचं. आमच्या रानात तंबाखू असायचा. आई संध्याकाळी रानातून आली की तिच्या पदराला हाच वास असायचा. आईला जाऊन बराच काळ झाला. त्यानंतर मी व्हॅनबद्दल एक अक्षर वाईट बोलले नाही.

बाकी गल्ली मात्र शिंकत होती. नवऱ्यानं साबणानं धुतलं, लिंबाच्या पाल्याचं पाणी मारलं, उदाचा धूर केला. वास हटेना. मला तो जायला नकोच होता.

नवरा उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये आहे. दिवसभर लोखंड कापतो. लाकूड त्याच्या हिशेबी पाहुणा, लोखंड घरचा माणूस. सुटीच्या दिवशी कामाला बसायचा. पत्रा कापून खिडकी पाडली, आतून प्लायवूड मारलं, खाली रबराची चटई घातली. मोटारसायकलचं पुढचं चाक अडकवायला लोखंडी खाच केली, पट्ट्यांनी आवळून बांधायला व्हॅनच्या तळात कड्या ठोकल्या. गाडी बाहेर काढली की भिंतीला उभी लावलेली खाट खाली पडायची, तिच्यावर दोघं झोपतील एवढी जागा. तिसऱ्याला खाली चटईवर. गॅसच्या शेगडीसाठी एक फळी, पाण्याच्या कॅनसाठी कोपरा. पडदे मी शिवले. शिवता शिवता मलाच हौस वाटायला लागली, डब्यांना झाकणं कुठली, मिठाची बरणी कुठं बसेल. आप्पा ओसरीवरून पेपराआडून सगळं बघायचे. एकदा मला म्हणाले, त्याला सांग, खिडकी पावसाच्या अंगाला पाडलीया, वर पागोळीला पत्रा मार. नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी पत्रा मारला. मला वाटलं, सुटतंय हे कोडं.

शेवटी गाडी चढवायला उतरता रॅम्प केला. तोही लोखंडाचा, जाड पत्र्याचा, दोन्ही कडेला उभ्या लोखंडी पट्ट्या. हत्ती चढवायचा होता का मोटारसायकल, देव जाणे. आता आमच्या गल्लीची एक रीत आहे. जड काही उचलायचं असलं की माणूस दारात उभा राहून हाक देतो, "हात लावा रं!" की चार दारांतून चार माणसं येतात, कुणी दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून. कपाट, जातं, लग्नाच्या भांड्यांचे ढीग, सगळं असंच इकडून तिकडं जातं. मग मी चहा टाकते. माझ्या लग्नापासून या गल्लीत कुणी एकट्यानं जड उचललेलं मी पाहिलेलं नाही. रॅम्प मांडला तेव्हाही हाक दिली, गाडी चढवून बघितली तेव्हाही दिली, आणि निघायच्या सकाळी गाडी आत नेऊन रॅम्प तिच्या बाजूला सरकवला तेव्हाही दिली. चहा झाला. नारळ फुटला. आम्ही निघालो. आमच्या तिघांच्याही डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही.

व्हॅनला पुढं तीन सीट. नवरा स्टेअरिंगवर, आप्पा खिडकीला, टपालखातं मधे. आप्पा यायला कसे तयार झाले म्हणाल, तर मी म्हटलं होतं, आप्पा, मला कणकुंबी कुणी दाखवलीच न्हाय. ते खरंच होतं. इतकी वर्षं त्या रस्त्याच्या गोष्टी ऐकल्या, रस्ता पाहिला नव्हता. जांबोटीला भजी-चहा झाला. पुढं झाडी दाट होत गेली तसे आप्पा बोलायला लागले, अर्थात माझ्याशी. या वळणावर खांब होता, इथं रानडुक्कर आडवं आलं होतं, इथल्या एका घरात रात्री उशीर झाला तर भात मिळायचा. नवरा ऐकत होता. गाडी मुद्दाम हळू चालवत होता, हे मला कळत होतं.

कणकुंबीच्या पुढं रस्ता मोकळा, एका बाजूला लाल मातीचं शेत, एका बाजूला जंगल. आप्पा म्हणाले, त्याला सांग, हितं थांब. नवऱ्यानं थांबवली, उतरला, मागची दारं उघडली, रॅम्पला हात घातला आणि सवयीनं तोंड उघडलं. हाक तोंडातच राहिली. हाक द्यायची कुणाला? आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

त्यानं ओढून बघितलं. मी एका बाजूनं धरलं. रॅम्प चार बोटं सरकला आणि रुतल्यासारखा बसला. पुन्हा ओढला, तर त्याची बोटं चिमटली. गोव्याकडं निघालेल्या दोन मोटारी आमच्याकडं बघत निघून गेल्या. मी म्हटलं, गावात जाऊन माणसं आणू. तो ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. पाच माणसांनी उचलायचं लोखंड आपण दोघांच्या भरवशावर आणलं, हे त्याला तिथं, बापासमोर कळलं होतं. आप्पा एका दगडावर बसून बघत होते. थोड्या वेळानं उठले, गुडघा धरत पुढच्या दाराकडं निघाले आणि मला म्हणाले, "त्याला सांग, चला घरी. झालं फिरणं."

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. एवढी खटपट याच एका दिवसासाठी केली होती त्यानं. घरी परत गेलो असतो तर व्हॅन दारात पडून राहिली असती आणि ते दोघं जन्मभर माझ्या तोंडानं बोलत बसले असते. मला दोघांचाही राग आला, आणि दोघांची दयाही आली. मी व्हॅनच्या मागं जाऊन उभी राहिले. आतून तंबाखूचा वास येत होता, आणि त्या वासात मला आमचं रान दिसलं, रानाच्या कडेचा बांध दिसला, आणि त्या बांधाला पाठ लावून उभा केलेला टेम्पो.

माहेरी म्हैस बाजारला न्यायची असली की चढवायला फळी कोण लावतंय? टेम्पो उलटा घेऊन उंच बांधाला चिकटवायचा, म्हैस बांधावरून सरळ आत. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, व्हॅन त्या बांधाला उलटी लावा. रॅम्प मरू दे."

त्यानं बांधाकडं बघितलं. शेताचा बांध व्हॅनच्या तळाएवढाच उंच होता, आणि पुढं उतरत जाऊन रस्त्याला मिळत होता. त्यानं व्हॅन मागं घेतली. मी बाजूला उभं राहून येऊ द्या, येऊ द्या करत राहिले. बांधाला टेकली. पट्टे सोडले, आणि आम्ही दोघांनी मोटारसायकल उलटी ढकलत बांधावर काढली, अगदी म्हशीसारखी, कुरकुर न करता. रस्त्यावर आणून नवऱ्यानं खिशातली किल्ली लावली, किक मारली, आणि गाडी चालू ठेवून बाजूला सरला. गुडघ्यामुळं आप्पांना किक जमली नसती. हे तो बोलला नाही, फक्त मारून दिली.

आप्पा गाडीवर बसले. हँडल धरलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बस मागं."

मी जागीच उभी. आमच्याकडं सून सासऱ्याच्या गाडीवर मागं बसत नाही. माझ्या थोरल्या मुलाच्या वेळी कळा सुरू झाल्या, नवरा शिफ्टला, ही मोटारसायकल दारात उभी. तरी आप्पा नाक्यावर चालत गेले, रिक्षा आणली, मला तिच्यात बसवलं, आणि स्वतः मोटारसायकलवर पुढं होऊन दवाखान्यापर्यंत हॉर्न वाजवत रस्ता मोकळा केला. तेव्हा मी रिक्षात आप्पांवर दात-ओठ खात होते. पण तो हॉर्न अजून कानात आहे.

"कणकुंबी बघायची हाय न्हवं? बस," आप्पा म्हणाले.

मी एका बाजूनं बसले आणि मागची दांडी धरली. गाडी हलली तशी म्हणाले, "खांदा धर गं पोरी. पडशील." मी खांदा धरला. शर्टाखाली नुसतं हाड लागत होतं. एवढे वाळलेत हे मला रोज ताट वाढताना कळलं नव्हतं. गाडी मात्र सरळ रेषेत चालली होती. पहिल्या वळणापर्यंत जीव मुठीत होता, दुसऱ्याला विसरले. आप्पा काहीतरी गुणगुणत होते. वाऱ्यामुळं ऐकू येत नव्हतं, पाठीतून कळत होतं. कुठल्याशा जुन्या खांबाशी थांबले, त्याच्याकडं बघितलं, आणि गाडी वळवली.

नवरा रस्त्याच्या मधोमध उभा होता. आम्ही गेलो तेव्हापासून तिथंच असावा. आप्पांनी गाडी त्याच्याजवळ आणून थांबवली, बंद केली, आणि किल्ली काढून हातात धरली. कुणी मागितली नव्हती. बोटांत जरा फिरवली आणि सरळ त्याच्यापुढं धरली.

"घे रं. आन् त्यो रॅम्प घरी गेल्यावर मोडीत घाल. हातभर उंच बांध सगळीकडं असतोय."

नवऱ्यानं किल्ली घेतली आणि सवयीनं माझ्याकडं वळला. "आप्पांना सांग..." तो म्हणायला लागला.

मी म्हटलं, "मी न्हाय सांगणार. तुमच्याशी बोलल्यात ते. तुमीच सांगा."