तुमचे लोक

जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या सोयगावला डॉक्टर टिकत नाही. शहरातलं पोर पाठवलं की दोन महिन्यांत त्याच्या आईची तब्येत बिघडते आणि राजीनामा येतो. कंत्राटी डॉक्टरांच्या मुलाखती आम्ही तिघं घेतो, पण रिकामी जागा भरायची माझ्यावर, म्हणून या प्रकाराचा सगळ्यात जास्त वैताग मला. म्हणून यंदा एका मुलीच्या अर्जावर मूळ गाव 'तालुका सोयगाव' दिसलं, तेव्हा मला लॉटरीच लागल्यासारखं झालं.

सोबत वडील आले होते. दारातूनच म्हणाले, "जय भीम, साहेब." मी म्हणालो, "नमस्कार, नमस्कार." त्यांनाही बसायला खुर्ची मागवली आणि त्याचं मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मुलीनं फुलंब्री मागितलं. शहरात राहून जाऊन-येऊन नोकरी करायची आणि संध्याकाळी एमडीच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास. फुलंब्रीची जागा रिकामी होती. पण फुलंब्रीला काय, कुणीही मिळतं. मी गोड आवाज काढला. "डॉक्टर, सोयगावच घ्या की. तुमच्याच लोकांची सेवा होईल."

"माझे लोक म्हणजे कोणते, सर?"

आवाज चढवला नव्हता तिनं. सरळ विचारलं.

गावाकडचे, असं मी म्हणणार होतो. मला तेवढंच म्हणायचं होतं, असं घरी येऊन बायकोलाही सांगितलं. पण तेवढंच नव्हतं. माझी मुलगी याच वर्षी डॉक्टर झाली. घरी बसून याच परीक्षेचा अभ्यास करतेय, तिच्यासाठी मी टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघतो. आमचं मूळ गाव गंगापूर तालुक्यात, तिथल्या दवाखान्यालाही डॉक्टर नाही. 'जा, तुझ्या लोकांची सेवा कर,' हे तिला सांगायचं कधी माझ्या डोक्यातही आलं नाही. तिला लोक नाहीत, करिअर आहे.

इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल. 'बरं, फुलंब्री घ्या,' एवढंच म्हणायचं होतं. मी चष्मा पुसत बसलो.

ती शांतता वडिलांना सोसवली नाही. ते उठले आणि त्यांनी हात जोडले. "साहेब, पोर हाय. बोलून गेली, मनावर घेऊ नका. सोयगाव घेती ती."

"बाबा," मुलगी म्हणाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

माफी मी मागायला हवी होती. मी मोठ्या मनानं म्हणालो, "असू द्या, असू द्या," आणि तिच्या नावापुढे सोयगाव लिहिलं.