पट्टीखालच्या बांगड्या

डाळीचा वाडगा भिंतीवर आपटला तेव्हा मी पोळीचा तुकडा मोडत होते. वाडग्यामागून हात आला. दादांनी वहिनींचं उजवं मनगट धरून टेबलाच्या कडेवर दोनदा हाणलं आणि हिरव्या बांगड्यांच्या काचा आमच्या ताटांत उडाल्या. वहिनींच्या सासूबाईंनी आधी आपल्या भातातली काच वेचून बाजूला ठेवली. मग मुलाला म्हणाल्या, "चुडा वाढवलास रे. एवढ्या लांबून कशाला आणला होता मी?"

त्या एवढंच बोलल्या.

मी मध्ये पडले. दादांनी मला कोपराने असं ढकललं की मी रेडिएटरवर जाऊन आदळले. बरगडीत कळ गेली.

"जर्मन येतं म्हणून माझ्या घरात नाक खुपसतेस? माझ्याच घरी जेवून?"

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमधलं हे घर. दादा तिथल्या एका रसायनांच्या कारखान्यात इंजिनियर होते. मी नदीपलीकडे मानहाइममध्ये पीएचडी करत होते. आम्ही सगळी मराठी मुलं गणपतीला त्यांच्याकडे जेवायला जायचो, म्हणून ते दादा आणि त्यांची बायको वहिनी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मुलासाठीचे उपचार सुरू झाले तशा सासूबाई व्हिसा काढून आल्या आणि येताना हिरवा चुडा घेऊन आल्या. गर्भ राहीपर्यंत हातातून काढायचा नाही, अशी ताकीद होती.

लहानपणी माझ्या घरी भिंतीला टेकून स्त्री-संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. हुंडाबळी, नवऱ्याची मारहाण, पोलिसांची चालढकल. शाळेतून आल्यावर मी त्यांच्या घड्या घालायचे, म्हणून ती मला पाठ होती. त्या टेबलापाशी मला त्यातलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. मी फोनकडे हात नेला तर वहिनींनी रक्ताळलेल्या हातानेच माझा हात धरला.

"पोलीस नको. परवा ट्रान्सफर आहे. माझं मूल आहे तिथे. तुला शपथ आहे, तिथे कुणाला बोलायचं नाही."

त्या सकाळीच वहिनींना भूल देऊन त्यांची बीजं काढून घेतली होती. प्रयोगशाळेत त्यांचे गर्भ तयार होणार आणि परवा ते वहिनींच्या पोटात सोडणार, त्याला सगळे ट्रान्सफर म्हणत. पोटात कळा असताना त्या आमच्यासाठी पोळ्या लाटत होत्या. आणि वाडगा उडाला तो त्यांनी सासूबाईंना सांगितलेल्या एका वाक्यामुळे. ते वाक्य त्यांच्यापर्यंत मीच पोचवलं होतं.

मी त्या दवाखान्यात गेले ते तिथल्या नर्समुळे. तिला सगळे श्वेस्टर, म्हणजे सिस्टर, म्हणत. मोठ्या आवाजाची, तोंडाला सिगरेटचा वास येणारी, उंच बाई. वहिनींना जर्मन येत नव्हतं आणि श्वेस्टरला इंग्रजी. मधे दादा दुभाषा. पहिल्याच भेटीत तिने त्यांना ऐकवलं होतं, "मी इतका वेळ बोलते आणि तुम्ही दोन शब्दांत संपवता. पुढच्या वेळी एखादी बाई घेऊन या." दादांनी मला नेलं. घरी जेवणारी पोर, सांगू तेवढंच बोलेल, असा त्यांचा हिशोब असावा.

डॉक्टर यायचे, पडद्यावर बघायचे, आकडे सांगायचे, जायचे. सोनोग्राफी फक्त त्यांनीच करायची, असा तिथला नियम. बाकी सगळं श्वेस्टर करायची. फोमच्या उशीवर इंजेक्शन टोचायला तिने शिकवलं, वहिनी रडल्या तेव्हा तीच खुर्ची ओढून बसली, आणि रविवारी घाबरून केलेला फोनही तिनेच घेतला. काही देशांत अशा नर्सा सोनोग्राफीही करतात आणि ट्रान्सफरही करतात, असं मी नंतर वाचलं. करायलाच हव्यात. ज्या माणसाला बाईच्या अंगावरची प्रत्येक खूण माहीत आहे, त्याच्या हातात निर्णय द्यायला एवढी भीती कशाची वाटते?

बीजं काढायच्या दिवशी भूल देण्याआधी अंगावरचे दागिने उतरवायचे होते. वहिनींनी दोन्ही हात छातीशी धरले आणि मान हलवली. बांगड्या घट्ट होत्या, फोडल्याशिवाय निघाल्या नसत्या, आणि फोडणं त्यांना मरणाइतकं अशुभ वाटत होतं. मी ते समजावायला लागले, तेवढ्यात श्वेस्टरने कपाटातून पट्टी काढून दोन्ही मनगटांवर बांगड्यांसकट गुंडाळली आणि शेवट चिकटपट्टीने तिरका बसवला. "आल्झो, झालं. आता वाजणार नाहीत," म्हणाली.

शुद्धीवर आल्यावर वहिनींनी मला विचारायला लावलं, "माझ्यात नेमकं काय बिघडलंय?"

श्वेस्टर चमकली. "तुमच्यात? काही नाही. अडचण तुमच्या नवऱ्याच्या बाजूची आहे. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "हे यांना माहीत नव्हतं?"

मी मराठीत सांगितलं. वहिनी छताकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्यांना वांझ म्हटलं होतं. संध्याकाळी पोळ्या लाटायला त्यांनी उजव्या मनगटाची पट्टी सोडली होती. पोळी वाढताना त्या सासूबाईंना शांतपणे म्हणाल्या, "आई, दोष माझ्यात नाहीये. ह्यांच्यात आहे." आणि वाडगा उडाला.

ट्रान्सफरच्या सकाळी सासूबाई घरी देव पाण्यात ठेवून बसल्या होत्या आणि वहिनींना कडक उपास होता. दादा बाहेरच्या खोलीत पाय हलवत बसले. आम्हाला आत नेलं. वहिनींनी गाऊन घातला. श्वेस्टरने रक्तदाब बघायला हात धरला आणि थांबली. डाव्या मनगटावर तिची तिरकी चिकटपट्टी तशीच होती. उजव्यावर भलतीच पट्टी होती, गाठ मारलेली, तपकिरी डागाची.

"ही पट्टी मी बांधलेली नाही," ती म्हणाली आणि सोडवायला लागली. आत दोन फुटक्या बांगड्या, सुजलेलं मनगट आणि कातडीत रुतलेल्या हिरव्या काचा.

"दार लागलं म्हणावं," वहिनी म्हणाल्या.

मी तसं सांगितलं. शपथ होती.

"हो का, दार," श्वेस्टर म्हणाली. "आणि तुम्ही? तुम्ही वाकड्या का बसलाय? तेच दार?"

मी बरगडीवरचा हात काढला. तिने खोलीला आतून किल्ली लावली आणि स्टूल ओढून वहिनींच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली.

"मी परवा फार घाईने बोलले. घरी गेल्यावर काय होईल ते आधी विचारायला हवं होतं. आता विचारते. आत नेण्याआधी मी प्रत्येक बाईला विचारते की तुम्हाला हे हवंय का. नवऱ्याची सही कधीच झालीय, आज त्याचा आवाज चालत नाही. हो म्हणालात तर मी आत नेईन आणि हात धरून उभी राहीन. नाही म्हणालात तर डॉक्टरांना जाऊन सांगेन. पोलिसांचंही तुम्हीच ठरवायचं. इथे आता मारणाऱ्याला घराबाहेर काढतात, मार खाणारीला नाही."

मी मराठीत सांगितलं आणि पुढे माझं सुरू केलं. "वहिनी, ही व्यवस्थाच अशी आहे की बाईच्या शरीरावर..."

श्वेस्टरला मराठी कळत नव्हतं, पण वाक्य लांबलेलं तिला कळलं. "माझं तेवढं सांगा," ती म्हणाली. "आणि मग तिचं."

दाराबाहेरून दादांनी हाक मारली. "झालं का गं? काय चाललंय आत?"

वहिनींनी काचांकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, "तिला विचार, मी नाही म्हटलं तर ते... ते आत ठेवलेत ते, किती जगतील?"

मी विचारलं. श्वेस्टरने नजर चुकवली नाही. "थोडे दिवस. फार नाही. गोठवून ठेवायचे तर नवऱ्याचीही संमती लागेल."

वहिनींनी पोटावर हात ठेवला, जिथे इंजेक्शनांचे निळे ठिपके होते. रडल्या नाहीत.

"मला मूल हवं होतं गं. खूप हवं होतं. पण ते त्या टेबलावर जेवायला बसेल. नको."

श्वेस्टरने भिंतीवरच्या फोनवरून डॉक्टरांना बोलावलं. ते टोपी घातलेलेच आले, हात बघितला आणि सरळ वहिनींना विचारलं, "तुमची इच्छा आहे का?" मी मराठी करायच्या आत वहिनींनी स्वतःच जर्मनमध्ये नाही म्हटलं, "नाइन." मग माझ्याकडे वळल्या. "पोलिसांनाही बोलव म्हणावं."

श्वेस्टरने पोलिसांना फोन केला आणि डॉक्टर बाहेर जाताच पुन्हा किल्ली लावली. बाहेर ते दादांना म्हणाले, आज ट्रान्सफर होणार नाही. त्यानंतर दारावर पहिली लाथ बसली. दुसऱ्या लाथेला कडीजवळचं लाकूड चिरलं. "बाहेर ये, रांडे. तुला इथे आणली कुणी? पासपोर्ट माझ्याकडे आहे." शिव्या आधी मराठीत होत्या, मग इंग्रजीत. काचेचं काहीतरी फुटलं, बाहेर कुणी बाई किंचाळली, डॉक्टर ओरडले. श्वेस्टरने औषधांची जड ट्रॉली दाराला लावली आणि तिच्यावर पाठ टेकली. प्रत्येक लाथेला ट्रॉलीतल्या बाटल्या वाजत होत्या आणि ती त्यांच्याबरोबर हादरत होती.

"चिमटा द्या," ती मला म्हणाली. "वरचा कप्पा."

तिथेच, ट्रॉलीला पाठ लावून, ती एकेक काच काढत गेली. स्टीलच्या तबकात प्रत्येक तुकडा टिंग वाजायचा. वहिनी ओठ चावत होत्या. काचा संपल्या तशी त्यांनी डावा हात पुढे केला.

"ह्या पण. पण फोडू नको म्हणावं. काढ म्हणावं."

श्वेस्टरने चिकटपट्टी सोडवली आणि सोनोग्राफीच्या जेलची बाटली उलटी केली. मनगटावर, बोटांच्या सांध्यांवर गार जेल ओतलं, तळहात मिटवून आवळला आणि बांगड्या एकेक करून सरकवल्या. एकही फुटली नाही. तबकात फुटक्या काचांशेजारी त्या अख्ख्या पडल्या.

जिन्यावर बूट वाजले. जर्मनमध्ये दटावणी, भिंतीवर अंग आपटल्याचा आवाज. "मी तिचा नवरा आहे, मी तिचा नवरा आहे," दादा म्हणत होते, आणि तो आवाज एकेक मजला खाली जात गेला.

वहिनींनी जेलने बरबटलेला हात गाऊनला पुसला.

"तिला विचार, इथे काही खायला मिळेल का. मला कालपासून उपास आहे."

श्वेस्टरने ट्रॉली बाजूला केली, आपल्या पिशवीतून कागदात गुंडाळलेला पाव काढला आणि दोन तुकडे केले. आत चीज आहे, मांस नाही, असं तिने मला दोनदा सांगायला लावलं. वहिनींनी दोन्ही तुकडे खाल्ले.