राखेखालची गल्ली

नागपुरात, सदरमधल्या एका छोट्या ऑफिसात मी नकाशे काढते. काढते म्हणजे खरं तर गिरवते. उपग्रहाचं चित्र स्क्रीनवर घ्यायचं, रस्ते, नाले, शेतांच्या कडेचे धुरे यांवरून माउसनं रेघ ओढायची आणि प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं.

मागच्या हिवाळ्यात खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या बाजूचं काम आलं. एका रविवारी ते घरीच करत बसले होते. सासूबाई शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. हिरव्या शेतांमधल्या पांढुरक्या तुकड्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे काय होय वं?"

"राखेचं तळं, आई. वीज तयार करताना निघालेली राख पाण्यात कालवून इथे सोडतात."

"नदी कुठं हाय?"

मी नदी दाखवली. त्या वळणावरून त्यांचं बोट हळूहळू मागे आलं आणि पुन्हा त्याच तुकड्यावर थांबलं. "मंग इथंच आमचं गाव होतं."

माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सासूबाई अकरा-बारा वर्षांच्या असताना गाव उठलं आणि घरचे हातमाग घेऊन सगळे नागपुरात आले, एवढंच मला माहीत होतं. कुठून उठलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

जुना गावनकाशा अजून मिळाला नव्हता, म्हणून मी कॅलेंडरचं पान उलटं करून पेन्सिल त्यांच्या हातात दिली. त्या दुपारभर काढत बसल्या. त्यांचं घर तळहाताएवढं, शाळा काडेपेटीएवढी. विहीर मात्र पार कागदाच्या टोकाला.

"इतकी लांब होती विहीर?"

"भरल्या घागरीनं मोज," त्या म्हणाल्या.

घरामागे एक कोपरा कोरा राहिला होता. मी विचारलं, "इथे काय होतं?"

"काही नोतं."

हे त्या इतक्या चटकन म्हणाल्या की मी पुढे विचारलं नाही.

प्रत्यक्ष जागा पाहायला मला जावंच लागणार होतं. त्या म्हणाल्या, "मले ने." नवऱ्यानं आम्हाला गाडीनं नेलं. तो फाटकाशी चौकीदाराजवळ थांबला. चौकीदार म्हणाला, "वाळलेल्या भागातच फिरा, ताई. तिकडे सपाट मैदान हाय, काहीच नाही."

खरंच काही नव्हतं. टळटळीत ऊन, खाली राख, वर पांढरं आभाळ. पाय ठेवला की पापुद्रा मोडल्याचा आवाज यायचा, आणि थांबलं की कानात दडा बसल्यासारखं व्हायचं. फोनवर चाललेली वाट टिपून घेणारं अॅप मी सुरू केलं.

आई आधी नुसत्या उभ्या राहिल्या. मग नदीकडे पाहून चालू लागल्या. वीस-पंचवीस पावलांवर डावीकडे वळल्या, तिथं वळण्यासारखं काही नसताना. पुढे एका जागी त्यांनी डोकं खाली घातलं, पदर सावरला, पाय उंच उचलून पुढे टाकला. उंबरा ओलांडावा तसा. त्यांच्या मागे मीही वाकले, आणि पाय उंच उचलला.

पुढे त्या थांबल्या.

"चला ना, आई."

"मी नाही येत. तू जा."

नकाशातला कोरा कोपरा हाच असणार, हे माझ्या लक्षात आलं. मी एकटी पुढे गेले, शंभरेक पावलं, सरळ. निदान मला तरी सरळच वाटलं. परतले तेव्हा त्या तिथंच उभ्या होत्या, एक हात पुढे धरून, जणू समोर कुंपण होतं.

संध्याकाळी घरी चहा घेताना त्या आपणहून बोलल्या. त्या कोऱ्या कोपऱ्यात एक गल्ली होती. तिथं तापाची साथ आली होती. तीन घरांतली माणसं गेली. गावानं गल्लीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकल्या. त्यांच्या वयाची एक मैत्रीण आत राहायची. ती काट्यांपलीकडून रोज हाका मारायची.

"आई म्हणे, ओ देऊ नको. मी घरात बसून आयकत राहो. मंग एक दिवस हाक आलीच नाही."

त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि कोऱ्या कोपऱ्यात गल्ली काढली. थोडी सरळ, मग उजवीकडे मोडलेली, टोकाशी एक घर. फोन माझ्या पर्समध्येच होता. त्यांनी तो पाहिलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी टिपलेली वाट स्क्रीनवर उघडली. आम्ही दोघी चाललो तो भाग वेडावाकडा होता, तो तसा असणारच. पण मी एकटी चालले ती रेघ थोडी सरळ जाऊन उजवीकडे काटकोनात मोडली होती, आणि टोकाशी थांबली होती. तिथं मी किती वेळ थांबले, तेही त्यात होतं. चार मिनिटं. मला थांबल्याचं आठवत नव्हतं.

ओल्या राखेला चुकवून वळले असेन, असं मी स्वतःला सांगितलं. फोन कधीकधी चुकतोही. तरी पुढच्या तपासणीला मी गेले नाही. सहकाऱ्याला पाठवलं, आणि नेमकं कुठून चालायचं ते समजावलं. त्याची रेघ पट्टीनं ओढल्यासारखी सरळ आली.

ते मी आईंना सांगितलं. "त्याले कोणी बोलावलं नसन," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिल्या की शेवटी मीच म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही, आई."

"मी कुठं इचारून राहिली?" त्या म्हणाल्या.

काम वेळेवर गेलं. आता मी घरी नकाशे गिरवत असले की आई खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि नव्या नव्या गावांवर बोट ठेवून विचारतात, "इथं अजून लोक राहतेत ना वं?" मी चित्र मोठं करते. छपरं दिसतात, अंगणात वाळत घातलेलं काहीतरी दिसतं. मी हो म्हणते. पण ते चित्र किती वर्षांपूर्वी काढलेलं आहे, हे मी त्यांना सांगत नाही.