मानाची सीट

मला गाडी कळते. हे मी विशीतही छातीठोकपणे सांगत होतो आणि आजही सांगतो. वडील फौजेत ट्रक चालवून निवृत्त झालेले. त्यांनी मला उसाच्या फडाकडेच्या चिखलात आमच्या जुन्या जीपवर शिकवलं. "निसरड्यावर ब्रेक हाय हे इसरायचं," ते म्हणायचे. "आन् गाडीची शेपूट जिकडं घसरंल, तिकडंच स्टेअरिंग वळवायचं."

सत्तरच्या दशकातला एक श्रावण. ताईच्या लग्नाची सुपारी फुटायची होती. मुलगा फौजी, सुट्टी पावसाळ्यातच मिळालेली. त्याला वडील नव्हते. कोयनानगरकडच्या मामानं त्याला आणि त्याच्या आईला सांभाळलेलं, त्यामुळे त्या घरात मामाचा शब्द शेवटचा. आणि मामा रुसण्यात पटाईत. एका लग्नात दुसऱ्याला आधी फेटा बांधला म्हणून भरल्या ताटावरून उठून गेलेले. ताईला मुलगा पसंत होता, पण या माणसाच्या हाताखाली जन्म काढायचा या धास्तीनं तिला घास उतरत नव्हता. आमच्या घरात मात्र एकच घोर होता, की मामा खूश राहिले पाहिजेत.

पाहुणे एसटीनं इस्लामपूरला उतरणार आणि मी त्यांना गावी आणणार असं ठरलं. मी म्हणालो, जीप नेतो. शेवटचे दोन मैल काळ्या मातीचा रस्ता, त्यात तीन दिवसांची झड. जीपचा दुसरा दांडा ओढला की चारही चाकं जोर लावतात. चुलते उखडले. "पावन्यास्नी जीपमदी घालून आणतोस? भरतीला आल्यात व्हय ते?" मग इस्लामपुरातली भाड्याची मोटार ठरली, चालवणार मीच. चकचकीत होती, पण जोर फक्त मागच्या दोन चाकांना. मी मनातल्या मनात सगळ्या भावकीचा उद्धार केला.

मामा देहानं भरभक्कम, पांढरंशुभ्र धोतर. अर्थातच पुढच्या सीटवर. मागं नवरा मुलगा आणि त्याची किडकिडीत आई. डांबरी संपली आणि दहा मिनिटांत मोटार ओढ्याच्या चढावर चिखलात रुतून जागीच घरघरू लागली. मुलगा बिचारा धक्का मारायला उतरला, त्यामुळे मागचा भार आणखीच हलका झाला. मी चाकांखाली उसाचं पाचट घातलं, दुसऱ्या गिअरात अलगद क्लच सोडला, तरी चाकं नुसती फिरत राहिली. उपाय एकच होता, आणि तो माझ्या शेजारी बसला होता.

"मामा, तुमी मागं बसा."

"आमी? मागं?"

माझं डोकं आधीच तापलेलं. "व्हय. वडतंय मागचं चाक आन् तुमी बसलाय पुढं. हितंच बसायचं आसंल तर सुपारी हितंच फोडू."

बोलून गेलो. ताईचं लग्न मी मोडलं, असंच वाटलं. मामा तोंड फुगवून मागं जाऊन बसले. मोटार वर चढली. पुढं दोनदा शेपूट घसरली, दोन्ही वेळा मी ब्रेकला पाय न लावता सरळ केली. या हातांवर माझा भरवसा होता.

वेशीजवळ मागून आवाज आला, "थांबीव. पुढं बसतो. गाव बघतंय."

वेशीलाही चढ होता, आणि चढावर, त्या चिखलाच्या रेंद्यात, थांबायचं नसतं हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी थांबलो. आयुष्यात गाडीच्या बाबतीत मी कुणाला भ्यालो असेन तर त्या एका क्षणी. मामा पुढं येऊन बसले, आणि मोटार आमच्या दारापासून पन्नास पावलांवर ढिम्म रुतली. ओट्यावर सगळी भावकी, हलगीवाला, खिडकीत ताई. वडील पुढं आले नि दबकत म्हणाले, "आवं, जीप लावून वडू का?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी स्वतःच दार उघडलं, पांढऱ्या धोतरासकट घोट्याएवढ्या चिखलात उतरले, गावादेखत मागं गेले आणि बहिणीला म्हणाले, "सरक तिकडं." मग मला, "पोरा, तुजंच बरोबर हुतं. चल. आता मी सांगितलं तरी थांबू नगंस."

मोटार दारात गेली. दुपारी सुपारी फुटली. मी आत पाणी प्यायला गेलो तेव्हा ताई ताट पुढ्यात घेऊन पुरणपोळी खात होती, अगदी पोटभर.

"न्हाई म्हणायचं ठरीवलं हुतं मी," ती म्हणाली. "गाडी दारात आली की सांगणार, म्हणून खिडकीपाशी हुबी हुते. आन् मामा चिखलात उतरलं."