प्रत्यक्ष कसणारा

काकूंना राग यायला फार वेळ लागत नाही हे खरं, पण या खेपेला कुणालाही आला असता.

पंचवीस वर्षं सासऱ्यांची चार एकर त्यांनी एकटीनं कसली. नवरा बसवर ड्रायव्हर. आठवड्यातले चार दिवस मुक्कामी बाहेर आणि उरलेले तीन दिवस पांघरुणात. पेरणी, पाणी, मजुरांची मिनतवारी, बाजार, सगळं काकूंच्या गळ्यात. जाण्यापूर्वी सासऱ्यांनी जमीन थेट सुनेच्या नावावर केली. एवढी अक्कल त्या घरात एकालाच होती. काका आता निवृत्त होऊन पेन्शन खात घरी बसले होते.

यंदा कृषी कार्यालयाकडून अनुदान जाहीर झालं. अट एकच, जमीन ज्याच्या नावावर त्यानंच ती कसायला हवी. काकूंनी लगेच अर्ज ठोकला. विहिरीवरची मोटर शेवटचे आचके देत होती, ती बंद पडली की उभा मका वाळणार होता.

चौकशीचे साहेब आले तेव्हा काकू चिखलात पाय रोवून मक्याला पाणी देत होत्या. ओसरीवर काका पेपर वाचत बसले होते.

"बाई काय करतात?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही, घरीच असते," काका म्हणाले.

साहेबांनी तसंच लिहून घेतलं. जरा आत डोकावले असते, तर दिसलं असतं की घरात चिटपाखरू नव्हतं.

पंधरवड्यानं पत्र आलं. 'अर्जदार गृहिणी. प्रत्यक्ष कसणारा: पती. जमीन पतीच्या नावावर नाही, सबब अपात्र.'

"असं सांगितलंत तुम्ही?"

"अगं, बोलायची पद्धत असते ती. सगळेच म्हणतात."

"मग त्या सगळ्यांना सांगा, मोटर आणून द्या म्हणावं!"

दुसऱ्या दिवशी दोघं कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनानं एकुलती एक खुर्ची काकांना दिली आणि प्रश्नही काकांनाच विचारले. पेरणी कधी झाली? बियाणं किती लागलं? खत कुठलं? दर प्रश्नाला काका मान वळवून काकूंकडे बघायचे, मागे उभ्या असलेल्या काकू उत्तर द्यायच्या, आणि कारकून ते खाली मान घालून लिहायचा.

"बरीच माहिती आहे हो काका तुम्हाला," शेवटी तो म्हणाला.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या तोंड उघडणार एवढ्यात काकाच ताडकन उठले.

"अहो, कसली माहिती! मका कुठल्या तुकड्यात आहे तेसुद्धा मला ठाऊक नाही!"

सगळं कार्यालय वळून बघायला लागलं. कारकुनानं मात्र शांतपणे कोरा कागद पुढे सरकवला. "तसं लेखी द्या."

काकांनी गिचमिड अक्षरात लिहिलं, 'मी शेती करत नाही. मला शेती येत नाही. शेती माझी बायको करते, पंचवीस वर्षं.'

"फेरचौकशी होईल," शिक्का मारत कारकून म्हणाला. "दोन महिने धरून चाला." मोटर दोन आठवडेही टिकणार नव्हती, हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

कागदाची प्रत काकूंच्या हातात आली. जिन्यात थांबून त्यांनी ती वाचली. डोळे भरून आले, आणि आपले डोळे भरून आले याचाही त्यांना संताप आला.

"एवढं म्हणायला," त्या म्हणाल्या, "तुम्हाला सरकारी कागद लागला."